दाउइन: जमीन मोजली, समुद्र राहिला

प्रश्न असा आहे: "फिलिपिन्समधल्या एखाद्या छोट्या किनारी नगरपालिकेचा भूगोल, लोकवस्ती आणि कारभार उदाहरण घेऊन समजावून सांगाल का? क्षेत्रफळ, लोकसंख्या, वॉर्डांची यादी कुठेही मिळते, पण त्यावरून ते गाव चालतं कसं, हे कळत नाही."

विसायास बेटांमधल्या नगरपालिकांबरोबर किनारा-नियोजनाचं काम मी बरीच वर्षं केलं आहे, म्हणून सर्वसाधारण बोलण्यापेक्षा एक गाव घेतो: दाउइन. नेग्रोस बेटाच्या आग्नेय बाजूला, नेग्रोस ओरिएंताल प्रांताची राजधानी दुमागेते इथून दक्षिणेला साधारण 15 किलोमीटर. क्षेत्रफळ सुमारे 114 चौरस किलोमीटर, 2020 च्या जनगणनेत लोकसंख्या सुमारे 30 हजार, बारंगाय (नगरपालिकेखालचं सगळ्यात लहान स्थानिक शासन, आपल्या ग्रामपंचायतीसारखं) 23. एवढं तुम्हाला दोन मिनिटांत सापडलं असतं. या आकड्यांत सगळ्यात मोठी गोष्ट मात्र येतच नाही, ती म्हणजे समुद्र. दाउइनचं पोट, वाद, उत्पन्न आणि नाव यांतला बराच भाग पाण्यावर आहे आणि सरकारी हिशेब मात्र जमिनीचा होतो. पुढचं सगळं उत्तर या एका विसंगतीभोवती फिरणार आहे.

आधी एक व्यवहाराची सूचना. जुनी आकडेवारी शोधताना हा प्रांत "मध्य विसायास" विभागात सापडेल. 2015 मध्ये नेग्रोस बेटाचा वेगळा विभाग झाला, 2017 मध्ये तो मोडला आणि 2024 मध्ये कायदा करून पुन्हा उभा केला. या वेळी सिकिहोर प्रांतही त्यात घेतला. त्यामुळे एकाच गावाचे आकडे तीन वेगवेगळ्या विभागांच्या तक्त्यांत पडलेले दिसतात. गोंधळून जाऊ नका, गाव तेच आहे.

आता जमीन. पश्चिमेला कुएर्नोस दे नेग्रोस हा ज्वालामुखीचा डोंगर, त्याचं तालिनिस शिखर 1,900 मीटरच्या आसपास. पूर्वेला बोहोल समुद्र, आणि हवा स्वच्छ असली की पलीकडे सिकिहोर बेट. या दोहोंच्या मध्ये उताराची पट्टी म्हणजे दाउइन. उत्तरेला बाकोंग, डोंगराच्या बाजूला व्हॅलेन्सिया, दक्षिणेला सांबोआंगिता. दुमागेतेहून येणारा महामार्ग किनाऱ्याला धरून जातो आणि वस्तीचा बराचसा भार या रस्त्याच्या दोन्ही अंगांना आहे. रस्ता सोडून वर चढलं की नारळ, मका, मग कॉफी. बास्लाय नावाचा वरचा बारंगाय गरम पाण्याच्या झऱ्यांसाठी आणि कॉफीसाठी ओळखला जातो. किनाऱ्यावर हॉटेलात उतरलेल्या पाहुण्याला बास्लायही याच नगरपालिकेत आहे हे सांगितलं तर खरं वाटत नाही.

डोंगर ज्वालामुखीचा, म्हणून वाळू काळी-राखाडी. पांढऱ्या वाळूच्या पोस्टकार्डी फिलिपिन्सच्या शोधात आलेला माणूस इथे हिरमुसतो. गंमत अशी की याच काळ्या वाळूने दाउइनला जगभरच्या पाणबुड्या छायाचित्रकारांत नाव मिळवून दिलं. किनाऱ्यापासून उताराने खाली गेलेल्या या गाळवट तळावर बेडूकमासे, घोस्ट पाइपफिश, नक्कल करणारे ऑक्टोपस असे विचित्र जीव दिसतात, आणि ते बघायला लोक पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाहून येतात. तळ झपाट्याने खोल होतो, हेही लक्षात ठेवा. पुढे कायद्याच्या भानगडीत ते कामाला येईल.

हवामानाचे दोन शब्द इथे रोज कानावर पडतात. हाबागात म्हणजे नैर्ऋत्येचा वारा, आमिहान म्हणजे ईशान्येचा. दाउइनचा किनारा पूर्वेकडे तोंड करून असल्यामुळे हाबागातमध्ये डोंगराची आड मिळते. आमिहानमध्ये लाटा थेट अंगावर येतात. मासेमाराचं वेळापत्रक, होड्यांची डागडुजी, इतकंच काय, कर्जफेडीच्या तारखासुद्धा यावर ठरतात.

जमिनीचा तुकडा इथे संपत नाही. मुख्य किनाऱ्यापासून साधारण 7 किलोमीटरवर आपो नावाचं छोटं ज्वालामुखी बेट आहे, पाऊण चौरस किलोमीटरचं. तेही दाउइनचंच, 23 बारंगायांपैकी एक. वस्ती हजाराच्या आतबाहेर. गोड्या पाण्याची टंचाई कायमची, बरंचसं सामान होडीने येतं. आणि इथे पहिली मजेशीर गोष्ट: आपोला जाणारी नेहमीची होडी दाउइनहून सुटत नाही. ती सुटते मालातापाय इथून, आणि मालातापाय शेजारच्या सांबोआंगितात आहे.

मालातापायला बुधवारी जा. त्या दिवशी तिथे मोठा बाजार भरतो. रस्त्यापासून समुद्रापर्यंत उतरत जाणारी गल्ली, एका बाजूला गुरांचा व्यापार, दावणीला बांधलेले बैल आणि म्हशी, पुढे सुकी मासळी, दोर, कोयते, आणि आख्खं डुक्कर भाजल्याचा वास. गल्ली संपते तिथे वाळू. दोन्ही बाजूंना बांबूचे पंख बांधलेल्या होड्या उभ्या असतात, बांगका म्हणतात त्यांना. धक्का नाही. चपला हातात, सामान डोक्यावर, मांडीभर पाण्यातून चालत जाऊन आत चढायचं. आपोची बाई इथे मासे विकते, तांदूळ, रॉकेल, औषधं घेते आणि दुपारच्या आत परत निघते. म्हणजे आपोचा मतदार दाउइनचा, पण त्याचा बाजार सांबोआंगिताचा. नगरपालिकेच्या विकास आराखड्यात "दळणवळण" या प्रकरणात हे वाक्य शोधा. बहुतेक वेळा सापडत नाही, कारण आराखडा हद्दीच्या आतला असतो.

लोकसंख्येबद्दल फार लांबण लावत नाही. 114 चौरस किलोमीटरमध्ये 30 हजार म्हणजे चौरस किलोमीटरला 260 च्या आसपास. या सरासरीचा उपयोग शून्य आहे, कारण वरचे बारंगाय विरळ आणि महामार्गालगतचे दाट. बोलीभाषा सेबुआनो, लोक तिला बिसाया म्हणतात. कार्यालयातले ठराव आणि अहवाल इंग्रजीत, शाळेत फिलिपिनो. नेग्रोसच्या पश्चिम अर्ध्यात ऊसमळे आणि हिलिगायनोन भाषा, पूर्व अर्ध्यात सेबू-बोहोल-सिकिहोरकडून आलेली माणसं आणि सेबुआनो. डोंगर मध्ये असल्यामुळे एकाच बेटावर दोन तोंडं झाली. दाउइनचं तोंड समुद्राकडे, सेबूच्या दिशेने. धर्म बहुसंख्य कॅथलिक. ग्रामदैवत म्हणावं तसे संत निकोलास दे तोलेंतिनो, त्यांचा सण 10 सप्टेंबरला. त्यांच्या जुन्या चर्चजवळ समुद्राकडे तोंड करून दगडी टेहळणी बुरूज आहेत. दक्षिणेकडून गुलाम पकडायला येणाऱ्या होड्यांवर नजर ठेवण्यासाठी स्पॅनिश काळात ते बांधले. या किनाऱ्यावर समुद्रातून सुखच येतं असं कुणी कधी मानलेलं नाही.

जनगणनेत न दिसणारी तिसरी वस्ती म्हणजे बाहेर गेलेली माणसं. दुमागेतेत शिकायला आणि नोकरीला, सेबू-मनिलात, आखाती देशांत, आणि जहाजांवर. मुंबई-कोकणातले जे वाचक बोटीवर नोकरी करतात त्यांना हे वेगळं सांगायला नको, त्यांच्या बरोबरीच्या बंकमध्ये एखादा बिसाया मुलगा हमखास असतो. गावात सिमेंटचं नवं घर दिसलं की कुणाचा पोरगा कुठल्या कंपनीत आहे हा पहिला प्रश्न. याच्या उलट बाजूने परदेशी निवृत्त लोक आणि डाइव्हिंगचा धंदा करणारे येतात. परदेशी माणसाला राज्यघटनेमुळे जमीन विकत घेता येत नाही, त्यामुळे दीर्घ मुदतीचे भाडेपट्टे, स्थानिक जोडीदाराच्या नावावरची जमीन, असे प्रकार चालतात. किनाऱ्यालगत शेतजमिनीत 20 मीटर आणि शहरी भागात 3 मीटर पट्टा सार्वजनिक वापरासाठी मोकळा ठेवावा लागतो. आपल्या सीआरझेडवर जसे वाद होतात, तसेच इथेही भिंत नेमकी कुठे संपली यावर होतात. फरक एवढाच की भांडण आधी बारंगायच्या पुढ्यात येतं.

आता कारभार, आणि इथे थोडं थांबू.

नगरपालिका म्हटल्यावर मराठी वाचकाच्या डोळ्यांपुढे शहर येतं. इथे तसं नाही. डोंगरातली कॉफीची वाडी, महामार्गावरची वस्ती आणि समुद्रातलं बेट, सगळं एकाच नगरपालिकेत. म्हणजे व्याप तालुक्याएवढा, पण प्रमुख थेट निवडून आलेला. मेयर, व्हाइस मेयर आणि सांगुनियांग बायान या सभेचे 8 सदस्य, सगळे दर तीन वर्षांनी मे महिन्यात निवडले जातात; शेवटची निवडणूक 2025 ची. सलग तीन मुदतींपेक्षा जास्त राहता येत नाही. याशिवाय बारंगाय प्रमुखांच्या संघटनेचा अध्यक्ष आणि युवक महासंघाचा अध्यक्ष पदसिद्ध सभासद असतात. सभेचा अध्यक्ष व्हाइस मेयर, मेयर नव्हे. व्हाइस मेयर स्वतंत्रपणे निवडून येतो, त्यामुळे तो विरोधी गटाचाही असू शकतो. असला की अर्थसंकल्प अडकतो. मेयर ठरावावर नकाराधिकार वापरू शकतो, सभा दोन-तृतीयांश मतांनी तो उलटवू शकते. कागदावर छान, प्रत्यक्षात एवढ्याशा सभेत दोन-तृतीयांश जमवणं म्हणजे दोन कुटुंबांत समेट घडवणं.

कुटुंब हा शब्द मुद्दाम वापरला. 1987 च्या राज्यघटनेत राजकीय घराणेशाहीला मनाई आहे, "कायद्याने ठरवल्याप्रमाणे". तो कायदा संसदेने आजवर केलेला नाही. अपवाद एकच आणि तोही तरुणांच्या वाट्याला: 2016 च्या कायद्याने बारंगायच्या युवक मंडळात निवडून आलेल्या पदाधिकाऱ्यांच्या जवळच्या नातलगांना उभं राहता येत नाही. थोरल्यांनी धाकट्यांसाठी नियम केला, स्वतःसाठी नाही.

खरा रोजचा कारभार बारंगायमध्ये. एक पुनोंग बारंगाय म्हणजे प्रमुख, सात कागावाद म्हणजे सदस्य, युवक मंडळाचा अध्यक्ष, नेमलेला सचिव आणि खजिनदार. नवा बारंगाय काढायचा तर आजच्या कायद्याने किमान 2,000 लोक लागतात. आपो या कसोटीला उतरलं नसतं, पण जुने बारंगाय तसेच चालू राहिले. दाउइनच्या यादीकडे पाहिलंत तर पोब्लासियॉन 1, 2, 3 हे चर्च, बाजार आणि नगरपालिका इमारतीभोवतीचे, स्पॅनिश काळापासूनचे. मासाप्लोद नोर्ते आणि मासाप्लोद सुर ही उत्तर-दक्षिण जोडी किनाऱ्यावर. 15 वर्षांवरच्या रहिवाशांची बारंगाय सभा वर्षातून किमान दोनदा भरवणं बंधनकारक आहे, ग्रामसभेसारखीच, आणि ग्रामसभेइतकीच कोरमच्या चिंतेने ग्रासलेली.

तिथे बसून बघावी अशी गोष्ट म्हणजे लुपॉन. 10 ते 20 जणांचं हे तंटामुक्ती मंडळ. एकाच नगरपालिकेतल्या दोन रहिवाशांचं किरकोळ भांडण न्यायालयात जाण्याआधी इथे यावंच लागतं. वकील आणता येत नाही. किनारी बारंगायमधलं एक नेहमीचं भांडण असं: एकाने रात्री जाळं लावलं, दुसऱ्याच्या होडीच्या पंख्याने ते फाडलं. पत्र्याच्या छपराखाली प्लॅस्टिकच्या खुर्च्या, मध्ये टेबल, टेबलावर फाटकं जाळं पुरावा म्हणून. ज्याचं जाळं तो पैसे मागतो, ज्याची होडी तो म्हणतो दिवा नव्हता. तासाभराने ठरतं की पैसे नाहीत, दुसऱ्याने दोरा आणायचा आणि दोघांनी मिळून जाळं विणायचं. सचिव इंग्रजीत कागद करतो, दोघे अंगठा किंवा सही करतात. दहा दिवसांत कुणी हरकत घेतली नाही तर त्या कागदाला न्यायालयाच्या निकालाचं वजन येतं.

बारंगायच्या निवडणुकांचं मात्र हसू होतं. 2018 मध्ये झाल्या, मग वारंवार पुढे ढकलत थेट ऑक्टोबर 2023 मध्ये. तोवर जुनेच पदाधिकारी खुर्चीत. स्थानिक लोकशाहीचं कौतुक करणाऱ्या अहवालांत हे पाच वर्षांचं अंतर सहसा तळटीपेत असतं.

पैसा. 1991 चा स्थानिक शासन कायदा हा या सगळ्याचा पाया. 1992 पासून आरोग्य, शेती, समाजकल्याण अशी कामं केंद्राकडून खाली आली आणि त्याबरोबर राष्ट्रीय करांतला वाटा, जो वाढत 40 टक्क्यांवर गेला. 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मांदानास खटल्यात हा वाटा फक्त अंतर्गत महसुलावर नव्हे तर सीमाशुल्कासह सगळ्या राष्ट्रीय करांवर मोजायचा असं ठरवलं, आणि 2022 पासून रक्कम वाढली. या 40 टक्क्यांतून प्रांतांना 23, शहरांना 23, नगरपालिकांना 34 आणि बारंगायांना 20 टक्के जातात. मग नगरपालिकांच्या हिश्श्याची आपसांत वाटणी होते: निम्मी लोकसंख्येवर, पाव जमिनीच्या क्षेत्रफळावर, पाव सगळ्यांना समान.

ते "जमिनीच्या" परत वाचा. समुद्र मोजला जात नाही.

याच कायद्याने किनाऱ्यापासून 15 किलोमीटरपर्यंतचं पाणी नगरपालिकेचं ठरवलं. तिथे परवाने देणं, बंदी घालणं, गस्त घालणं, दंड करणं हे सगळं नगरपालिकेचं काम. 3 टनांपेक्षा मोठ्या व्यापारी बोटींना तिथे मज्जाव. 1998 च्या मत्स्य कायद्याने 10 ते 15 किलोमीटरच्या पट्ट्यात स्थानिक ठरावाने थोडी मुभा ठेवली. महाराष्ट्रात 1981 चा सागरी मासेमारी नियमन कायदा राज्य सरकारच्या हातात आहे, रत्नागिरीच्या नगरपरिषदेला समुद्रात काही म्हणायचा अधिकार नाही. दाउइनच्या सभेला आहे. अधिकार म्हणून ही फार मोठी गोष्ट आहे. मात्र त्या पाण्यावर गस्त घालायला लागणारं डिझेल, होडी, रेडिओ, माणसं यांच्यासाठी वाटणीच्या सूत्रात एक पैसाही नाही. डोंगरातल्या तेवढ्याच जमिनीच्या आणि तेवढ्याच लोकांच्या नगरपालिकेला तेवढेच पैसे मिळतात, आणि तिला राखायला समुद्र नसतो. पाण्याचं क्षेत्र सूत्रात घ्यावं अशी मागणी किनारी नगरपालिका कित्येक वर्षं करत आहेत, विधेयकंही आली. सूत्र 1991 चंच आहे.

शेजारच्या व्हॅलेन्सियाशी तुलना केली की हे बोचतं. तिथे पालिनपिनोन इथे 1983 पासून भूऔष्णिक वीजकेंद्र आहे आणि नैसर्गिक संपत्तीच्या वापरातून कायद्याने मिळणारा वाटा ती नगरपालिका घेते. डोंगराच्या पोटातल्या वाफेला किंमत लागली, समुद्राच्या पोटातल्या माशाला लागली नाही.

त्यात आणखी एक विसंगती. 1991 च्या कायद्यात पर्यावरण अधिकाऱ्याचं पद ऐच्छिक आहे आणि नगरपालिकेच्या पातळीवर कृषी अधिकाऱ्याचंही. अभियंता, खजिनदार, नियोजनकार मात्र सक्तीचे. समुद्राचं काम बघणारा मत्स्य तंत्रज्ञ बहुतेक ठिकाणी कृषी कार्यालयाच्या कोपऱ्यातल्या टेबलावर असतो, मक्याचं बियाणं वाटणाऱ्याच्या शेजारी. गस्तीचं काम बांताय दागात नावाच्या स्वयंसेवकांवर. मानधन नाममात्र, आणि पकडायचा माणूस पुष्कळदा चुलतभाऊ.

मग दाउइनने समुद्र राखला कसा? इथे आपोची गोष्ट येते, आणि ती जगभर सांगितली जाते, बहुतेक वेळा अर्धी. 1970 च्या दशकाच्या उत्तरार्धात दुमागेतेच्या सिलिमान विद्यापीठातून आंगेल आल्काला आणि त्यांचे सहकारी बेटावर जायला लागले. 1982 च्या सुमारास गावकऱ्यांनी आग्नेय बाजूच्या प्रवाळाचा एक तुकडा, एकूण प्रवाळाचा साधारण दशांश, मासेमारीसाठी बंद करायचं मान्य केलं. 1985 मध्ये दाउइन नगरपालिकेने त्याचा ठराव केला. पुढच्या दोन दशकांत आल्काला आणि ऑस्ट्रेलियातले गॅरी रस यांनी मोजत राहून दाखवलं की बंद तुकड्यात मासळीचं वजन वाढत गेलं आणि हद्दीच्या कडेला जाळं-गळ टाकणाऱ्याला जास्त मिळू लागलं. आल्काला पुढे राष्ट्रीय वैज्ञानिक झाले, 2023 मध्ये वारले.

ही गोष्ट सेबूकडच्या सुमिलोन बेटाशेजारी ठेवली तर स्थानिक शासन म्हणजे काय ते कळतं. तेच विद्यापीठ, तेच शास्त्रज्ञ, 1974 मध्ये म्हणजे आपोच्या आधी राखीव क्षेत्र केलं. ओस्लोब नगरपालिकेची साथ मात्र टिकली नाही. 1984 मध्ये तिथे पुन्हा मासेमारी सुरू झाली आणि दोन वर्षांत बेटाभोवतीची एकूण पकड जवळपास निम्म्यावर आली. सुमिलोनवर वस्ती नव्हती, आपोवर होती. माझ्या मते निर्णायक फरक हाच. मेयर बदलतो, तीन वर्षांनी दुसरा येतो. बेटावर राहणारी बाई रोज सकाळी समुद्राकडे बघते आणि परकी होडी दिसली की ओरडते.

आता उरलेली अर्धी गोष्ट. 1994 मध्ये राष्ट्राध्यक्ष फिदेल रामोस यांच्या घोषणेने आपो राष्ट्रीय संरक्षित क्षेत्र झालं. सन्मान झाला खरा, पण व्यवस्थापन गावाच्या समितीकडून पर्यावरण खात्याच्या अध्यक्षतेखालच्या मंडळाकडे गेलं. पर्यटकांकडून घेतलेलं शुल्क राष्ट्रीय निधीत जमा व्हायचं, तिथून तीन-चतुर्थांश परत यायचं, आणि परत यायला वेळ लागायचा. बेटावरच्या लोकांचं म्हणणं साधं होतं: राखलं आम्ही, पैसे फिरून येतात मनिलावरून. 2013 च्या दुरुस्ती कायद्याने तीन-चतुर्थांश रक्कम स्थानिक मंडळाकडेच ठेवायची सोय केली. मुख्य किनाऱ्यावर मात्र दाउइनने वेगळी वाट धरली: बारंगायनिहाय छोटी राखीव क्षेत्रं, नगरपालिकेच्याच ठरावाने, आणि डुबकी मारणाऱ्याकडून क्षेत्रागणिक शुल्क. पर्यटकाला हे चिडचिडीचं वाटतं, कारण आज मासाप्लोद नोर्तेचं तिकीट, उद्या दुसरीकडचं. मला ही रचना आपोपेक्षा शहाणपणाची वाटते. पैसा कुठल्या पाण्यातून आला हे ज्याच्या-त्याच्या बारंगायला दिसतं, आणि वाटणीवरून भांडणं झाली तरी ती दाउइनच्या सभागृहात होतात, मनिलात नाही.

निसर्ग यातल्या कशाला जुमानत नाही, तेही सांगितलं पाहिजे. डिसेंबर 2011 मध्ये सेन्दोंग आणि साधारण वर्षाने पाब्लो या वादळांनी आपोच्या त्याच राखीव तुकड्यातलं प्रवाळ उद्ध्वस्त केलं. तीस वर्षांची राखण दोन डिसेंबरांत आडवी झाली. नगरपालिकेकडे आपत्तीसाठी उत्पन्नाचा 5 टक्के निधी असतो, त्यातला 30 टक्के तातडीच्या मदतीसाठी बाजूला काढलेला. त्यातून तांदूळ आणि पत्रे येतात, प्रवाळ नाही.

शेजाऱ्याचा निर्णयही आपल्या पाण्यात येतो. 2021 मध्ये दुमागेते शहराने समुद्रात 174 हेक्टरचा भराव घालायची योजना पुढे आणली. गाळ हद्द ओळखत नाही. पण दाउइनला त्यात औपचारिक मत कुठे होतं? विरोध उभा केला तो विद्यापीठ, चर्च, मासेमार आणि नव्वदी ओलांडलेल्या आल्कालांनी, आणि योजना मागे पडली.

हद्द कुठली, हा प्रश्नही वाटतो तितका सोपा नाही. 15 किलोमीटर कुठून मोजायचे, मुख्य किनाऱ्यापासून की आपोपासून? 2001 मध्ये पर्यावरण खात्याने बाहेरच्या बेटांपासून मोजायचा नियम केला. व्यापारी बोटवाल्यांनी आरडाओरडा केला आणि 2003 मध्ये नियम मागे घेतला गेला. 2004 मध्ये कृषी खात्याने नवा आदेश काढला, पण फक्त ज्या नगरपालिकांना बाहेरची बेटं नाहीत त्यांच्यासाठी. म्हणजे दाउइनसारख्यांचं घोंगडं भिजतच राहिलं. सिकिहोरच्या बाजूला पाणी 30 किलोमीटरपेक्षा अरुंद असेल तिथे मध्यरेषा धरायची, एवढं तरी स्पष्ट आहे.

त्यावर 2023 च्या अखेरीस मनिलाजवळच्या मलाबोन शहरातल्या न्यायालयाने एका मासेमारी कंपनीच्या अर्जावर असा निकाल दिला की 7 फॅदमपेक्षा खोल पाणी असेल तर नगरपालिकेच्या हद्दीतही व्यापारी बोटी चालतील. 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या एका खंडपीठाने सरकारचं अपील मुदत उलटल्याच्या कारणाने फेटाळलं, आणि मासेमार संघटना, बिशप, शास्त्रज्ञ सगळे रस्त्यावर आले. 7 फॅदम म्हणजे जेमतेम 13 मीटर. मघाशी म्हटलं होतं की दाउइनचा तळ झपाट्याने खोल होतो. अशा ज्वालामुखी किनाऱ्यावर 13 मीटर खोली वाळूपासून हाकेच्या अंतरावर लागते. खोलीचं माप अक्षरशः लावलं तर 15 किलोमीटरचा हक्क काही ठिकाणी दगड मारला तर पोहोचेल एवढाच उरतो. फेरविचाराचे अर्ज गेले ते याच भीतीने.

तुम्हाला स्वतः अभ्यास करायचा असेल तर कुठून सुरुवात करायची तेही सांगतो. लोकसंख्या 2020 ची घ्या, तुलनेसाठी 2024 ची मोजणी. पैशांच्या वाटणीत निम्मं वजन डोक्यांना असल्यामुळे नव्या मोजणीत एखादी नगरपालिका वाढली की दुसरीचा वाटा घटतो, त्यामुळे मेयर लोक या आकड्यांची वाट निवडणूक निकालासारखी बघतात. उत्पन्नाची श्रेणी बघताना सावध राहा, 2023 च्या कायद्याने नगरपालिकांच्या सहा श्रेणींच्या पाच केल्या, जुन्या "चौथ्या श्रेणी"ची नव्याशी तुलना होत नाही. नगरपालिकेच्या इमारतीत शिरल्यावर सूचना फलक गाठा. 2010 पासून अर्थसंकल्प, खरेदी, विकास निधीचा वापर ही कागदपत्रं तिथे लावणं सक्तीचं आहे, आणि बारंगायलाही ते लागू आहे. समुद्रावरचा खर्च शोधताना मात्र मत्स्यव्यवसाय या शीर्षाखाली शोधू नका. कृषी कार्यालयाच्या तक्त्यात "इंधन, तेल, वंगण" ही ओळ काढा, आणि ती बांताय दागातच्या होडीला वर्षातून किती रात्री पुरते हे मत्स्य तंत्रज्ञाला विचारा.